चौथ्या मजल्यावरची कोरडी खोली

दारावरची घंटी वाजली तेव्हा योवाना दोन ओल्या चादरींच्या मधे उभी होती. बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. दारापर्यंत जायचं म्हणजे आईच्या लोकरी घागऱ्याखालून वाकायचं, मोज्यांची रांग चुकवायची आणि टॉवेलचा थंडगार पंजा गालावर झेलायचा. ती पोचेपर्यंत घंटी पुन्हा वाजली.

दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. केसांत लाकडाचा भुसा. चष्म्याच्या एका काचेवर पाण्याचा टपोरा थेंब… तो त्यानं पुसला नव्हता. पुरावा म्हणून जपून वर आणला होता.

"मी खालच्या मजल्यावर राहतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे पाऊस पडतोय का?"

"लिमात पाऊस पडत नाही," योवाना म्हणाली.

"मलाही शाळेत तसंच शिकवलं होतं. मग माझ्या खिडकीत कोण रडतंय?"

योवानाच्या लक्षात आलं. इमारतीच्या मधोमध जो उजेडाचा चौकोनी बोळ होता, त्यात आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड कांबळं सोडलं होतं. ते खाली, नेमकं याच्या खिडकीवर ठिबकत असणार. ती माफी मागू लागली तेवढ्यात मागून, तोंडात चिमटे धरलेल्या आईचा आवाज आला, "कोण गं? पाण्याचा मीटर बघायला आलाय? बघ म्हणावं, सगळं पाणी इथंच आहे."

तो भांडायलाच आला होता. खिडकीशी उजेडाला ठेवलेल्या एका गिटारीवर पाणी पडलं होतं, आणि ती गिटार दुसऱ्या कुणाची तरी होती. पण त्यानं चादरींच्या फटीतून आत पाहिलं. ओल्या बाह्या, ओले गळे, आणि त्या सगळ्यातून डोकावणारा एका म्हातारीचा गोल, तांबूस चेहरा… त्याचा राग त्या दोऱ्यांमधे कुठेतरी अडकून पडला. नाव रेनातो, एवढंच सांगून तो खाली गेला. आईनं कांबळं आत ओढलं आणि आता ते कुठं टाकायचं म्हणून घरभर नजर फिरवली. जागा नव्हती.

लिमातला हिवाळा हा असाच. इकडे तो जूनमधे लागतो; तेव्हापासून आभाळ उपड्या पातेल्यासारखं शहरावर बसतं. समुद्रावरून धुकं येतं, माग्दालेना वस्तीच्या गल्ल्यांमधून वर चढतं. धड कोसळत नाही, धड परतही जात नाही. मिठाचे खडे होतात, कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी चढते. आई म्हणायची, "रडूबाई आहे हे शहर. मोकळं रडतही नाही, डोळे पुसतही नाही." पूर्वी गच्चीवर निदान वारा तरी मिळायचा. पण कुणाची तरी नवी कोरी पँट दोरीवरून नाहीशी झाली आणि रहिवाशांच्या सभेनं गच्चीला कुलूप ठोकलं. तेव्हापासून प्रत्येकाची ओल प्रत्येकाच्या घरात.

योवाना दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिचे पांढरे गणवेश दोन. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचा सकाळपर्यंत वाळायचा नाही. ती तो इस्त्रीखाली दडपून घालायची, आणि दुपारपर्यंत त्याला तो आंबूस, कुबट वास सुटायचा. एकदा डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? त्या हळू आवाजाची तिला जास्त लाज वाटली. तेव्हापासून ती रुग्णाच्या खुर्चीजवळ वाकताना श्वास धरून वाकायची, जणू वास तिच्या श्वासातून येत होता.

घरात एवढे कपडे ओले असण्याचं कारण मात्र तिचे गणवेश नव्हते. कारण आई होती. वडील गेल्यावर योवानानं दोन्या सातुर्निनाला, म्हणजे आपल्या आईला, डोंगरातल्या कोन्सेप्सिओन गावाहून इथं आणलं होतं. एकटी कशी राहील, म्हणून. आणि आई इथं आल्यापासून धुवत सुटली होती. पडदे, उशांचे अभ्रे, स्वच्छ असलेली कांबळी, कुणीही न वापरलेले टेबलावरचे रुमाल. योवानानं कितीदा सांगितलं, की नको धुवूस. आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी गालिचा भिजत घालायची.

त्या कांबळ्याच्या भानगडीनंतर दोन-चार दिवसांनी, सकाळी जिना उतरताना योवाना थांबली, मान वळवली आणि आपलीच कॉलर हुंगली. मान वर केली तर चौथ्या मजल्यावर रेनातो दारात उभा. त्यानं पाहिलं होतं. ती कानापर्यंत लाल झाली.

"माझ्याकडे एक कोरडी खोली आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"कोरडी खोली. गिटारींसाठी. यंत्र आहे, हवेतली ओल शोषून घेतं. नाहीतर लाकूड फुगतं, डिंक सुटतो…" त्यानं चष्मा उगाच वर सरकवला. "गिटारींना शेजार चालेल. त्या फारशा बोलत नाहीत."

योवाना नको म्हणाली. परक्या पुरुषाच्या खोलीत आपले कपडे टांगायचे म्हणजे! जिन्यावरच्या बायकांना सहा महिन्यांचा शिधा. पण संध्याकाळी तिनं ही गोष्ट हसण्यावारी नेत आईला सांगितली, तर आई गंभीर झाली. म्हणाली, वरचे कपडे द्यायला काय हरकत आहे, आतले घरात वाळतील. आणि योवाना बोलेपर्यंत बादली उचलून ती जिना उतरलीसुद्धा.

*

खोली लहान होती. एका भिंतीवर गिटारी आणि छोट्या गिटारीसारखे चारांगो मानेनं टांगलेले. कुणाचं पोट उघडं, कुणाच्या तारा काढलेल्या. समोरच्या भिंतीवर रेनातोनं दोरी बांधली. तिच्यावर आईचे घागरे आणि योवानाचा पांढरा गणवेश. कोपऱ्यात ते यंत्र घरघरत होतं. दिवसभर पाणी पितं म्हणून आईनं त्याचं नाव ठेवलं पिदाडा.

संध्याकाळी दवाखान्यातून येताना योवाना कपडे घ्यायला थांबायची. सुरुवातीला दारातूनच. मग उंबऱ्याच्या आत. मग रेनातो कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन पेले एमोलियेंते आणून ठेवू लागला. त्या गरम, चिकटसर काढ्यात लिंबू पिळलेलं असायचं, आणि तो निवेपर्यंत बसणं भागच होतं.

एकदा त्यानं यंत्राखालचं भांडं ओढून काढलं. काठोकाठ भरलेलं. ते त्यानं खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतलं.

"ही डावी बाही," तो म्हणाला. "आणि हा खिसा."

"तुम्हाला कसं कळतं कुठलं पाणी कुठलं?"

"गणवेशाचं पाणी शिस्तीत पडतं. तुमच्या आईच्या घागऱ्यांचं धबाधबा."

"आणि फूल आलं तर ते कोणाचं?"

त्यानं कुंडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि लगेच कुंडीकडे. "ते बघू," म्हणाला. "आधी येऊ तर दे."

'दे' म्हणाला. 'द्या' नाही. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघांनीही काढ्याचा पेला तोंडाला लावला.

गणवेशाचा वास गेला. आता त्याला देवदाराचा, डिंकाचा, थोडा रेनातोच्या खोलीचा वास यायचा. दवाखान्यात वाकताना योवाना श्वास धरायची नाही. उलट मान किंचित वळवून घ्यायची. रेनातोबद्दल तिला हळूहळू बरंच कळलं. तो कमी बोलतो, पण हात बोलत असताना जरा जास्त बोलतो. म्हणजे तार चढवताना, लाकूड घासताना. एका मुलीवर त्याचं प्रेम होतं; ती कामासाठी सांतियागोला गेली. तू तिला थांब म्हणाला नाहीस? योवानानं विचारलं होतं. तो पटाशीला धार लावत होता. "म्हणणार होतो," तो म्हणाला. "शब्द जुळवत होतो. तोवर विमान गेलं." योवाना हसली. मग वर जाताना जिन्यात तिला ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही.

जुलै संपत आला तशा भिंतीवरच्या गिटारी कमी होत गेल्या. राष्ट्रीय सणाला सगळ्यांना वाजवायच्या असतात, गिऱ्हाइकं घेऊन गेली असतील, असं तिला वाटलं. यंत्राची घरघरही संध्याकाळी ऐकू येईनाशी झाली; बोलताना आवाज नको म्हणून तो बंद करत असेल. गणवेश मात्र रोज कोरडा, घडी करून, खुर्चीवर तयार असायचा.

वर पाचव्या मजल्यावर मात्र आईचा खोकला वाढत होता. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं छाती तपासली आणि सरळ सांगितलं, की ही हवा यांना सोसणार नाही, कोरड्या हवेत न्या. योवानानं औषधं आणली, वाफेचं भांडं आणलं, खिडक्यांच्या फटी कापडानं बुजवल्या. आईला परत पाठवायचं म्हणजे घरातली अडगळ उचलून बाहेर ठेवल्यासारखं, असं तिला वाटत होतं. आपणच तिला इथं आणलं. आता आजारी पडली म्हणून जा म्हणायचं? ती आईला विचारायची, तुला काही त्रास नाही ना? आई म्हणायची, मला काय होतंय. आणि साबण शोधायला लागायची.

एका दुपारी एक रुग्ण आला नाही म्हणून योवाना लवकर सुटली. चौथ्या मजल्यावर रेनातोचं दार अर्धवट उघडं होतं. आतून आईचा आवाज येत होता.

"…तिला कसं सांगू? एवढ्या हौसेनं घेऊन आली मला. परत जायचं म्हटलं तर तिला वाटेल, आईला माझ्याजवळ करमत नाही."

"तरी सांगा तिला," रेनातो म्हणाला. "मी किती दिवस तेच म्हणतोय."

योवानानं दार ढकललं. आई स्टुलावर बसली होती, मांडीवर घडी केलेले कपडे. रेनातो हातात काहीतरी घेऊन घाईघाईनं वळला, ते त्यानं टेबलाखाली सरकवलं. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"आई, तू वर जा," ती म्हणाली. आई खोकत खोकत उठली. पावलं जिन्यावर पोचेपर्यंत योवाना दाराशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"बरेच दिवस. रोज दुपारी त्या येतात. बसतात."

"आणि संध्याकाळी मी येते. माझ्यासमोर बसून काढा पितोस. तिचा खोकला आपण दोघं ऐकतो. तरी तू बोलला नाहीस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं, योवाना."

"मग तुझं काय आहे सांगायचं?" तिचा आवाज चढला नाही, तो होता त्याहून खाली गेला. "असं एक तरी काही आहे का, रेनातो, जे तुझंच सांगायचं आहे?"

त्यानं हात पँटला पुसले. ती थांबली… बऱ्यापैकी थांबली. मग खुर्चीवरचा गणवेश उचलून वर गेली.

*

आई दोऱ्यांच्या मधे उभी होती. योवाना एक चादर बाजूला सारून तिच्यापाशी गेली, आणि मग दोघी त्या पांढऱ्या, ओल्या तंबूत खाली बसल्या. तिथून कुणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं असेल.

आई म्हणाली, तिला जायचं आहे. लेकीचा कंटाळा आला म्हणून नाही. घराला कुलूप आहे, शेजारी नणंद आहे, तुझे बाबा तिथल्या मातीत आहेत.

"मी एवढं का धुते माहीत आहे?" तिनं विचारलं. "तू सकाळी जातेस. मग मला वाट बघायला काहीतरी लागतं. कपडे टाकले की ते वाळायची वाट बघता येते. इथं ते वाळतच नाहीत, त्यामुळे दिवस कसाही लांबवता येतो."

योवानानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खांदाही दमट होता. "मला वाटलं, मी जा म्हटलं तर तू म्हणशील, पोरीनं हाकललं."

"आणि मला वाटलं, मी जाते म्हटलं तर तू म्हणशील, आईनं टाकलं." आई खोकली, मग हसली. "दोघी शहाण्या."

त्या आठवड्यात योवानानं रजा घेतली. निघण्याच्या दिवशी रेनातोनं न बोलावता वर येऊन कांबळ्यांचं गाठोडं उचललं आणि खाली टॅक्सीपर्यंत नेलं. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. योवानाला तो म्हणाला, "सांभाळून जा." तिनं वाट पाहिली. दुसरं काही आलं नाही. टॅक्सी निघाली.

कोन्सेप्सिओनला सूर्य होता. कोरडा, टोचणारा, निर्लज्ज सूर्य. आईनं पहिल्याच सकाळी कांबळी अंगणातल्या मातीच्या भिंतीवर टाकली आणि मक्याचे दाणे भाजून होईपर्यंत त्यांची एक बाजू वाळलीसुद्धा. दोन-तीन दिवसांत खोकला निवला. आत्यानं बातमी आणली, की चौकातल्या दातांच्या डॉक्टरला मदतनीस हवी आहे. योवाना जाऊन भेटूनही आली. चांगला होता माणूस. दवाखान्याला मोठी खिडकी होती.

"मी इथंच राहिले तर?" तिनं त्या दुपारी आईला विचारलं. दोघी चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं आईकडे, दोन तिच्याकडे.

आई घडी घालायची थांबली.

"तो पिदाडा मेलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"ते यंत्र. केव्हाच बंद पडलं. सणाच्या आधीच. सुटा भाग मिळत नाही म्हणे. त्यानं सगळ्या गिटारी मित्राच्या दुकानात नेऊन ठेवल्या."

योवानाला काही समजेना. गणवेश तर रोज कोरडा मिळत होता.

"इस्त्रीनं," आई म्हणाली. "रोज दुपारी इस्त्री करत बसायचा बिचारा. पंखा लाव, पुन्हा इस्त्री कर, पुन्हा पंखा लाव. पहिल्या दिवशी बाही उलटीच दाबली. मग मी शिकवलं, आधी कॉलर, मग खांदे. तू त्या दुपारी अचानक आलीस, तेव्हा हातात गरम इस्त्री होती त्याच्या. टेबलाखाली सरकवली. फळी जळली."

योवानाच्या हातातली दोन टोकं सुटली. चादर अंगणात पडली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं," आई म्हणाली, आणि चादर उचलून झटकली. "आज सांगितलं, कारण तू इथं राहायचं म्हणतेस. राहा, घर तुझंच आहे. पण माझ्यासाठी राहू नकोस. मला आता वाट बघायला दुसरं खूप आहे. सणासुदीला तू यायचीस, त्याची बघेन."

*

लिमात परतली तेव्हा शनिवारची दुपार होती आणि धुकं खिडकीला गाल लावून बसलं होतं. घर एकदम मोठं वाटलं. तिनं दोऱ्या सोडवल्या, एकच ठेवली. एका माणसाचे कपडे ते काय? दोन गणवेश, चार ब्लाउज. पसरून टाकले आणि पंखा लावला तर इथंही वाळले असते. तिनं एक गणवेश धुतला, पिळला, बादलीत ठेवला, आणि ती जिना उतरली.

रेनातोनं दार उघडलं. तिला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग बादलीकडे पाहून गोंधळला.

"आलीस," तो म्हणाला.

"कपडे आहेत. यंत्र चालू आहे ना?"

"आहे."

"घरघर ऐकू येत नाही."

"हल्ली… हळू चालतं."

ती आत गेली. भिंतीवर नुसत्या खुंट्या. टेबलाखालच्या फळीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग. तिनं बादली खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. "मी थांबते मग. वाळेपर्यंत."

रेनातो उभाच राहिला. त्याच्या हातात या वेळी तार नव्हती, पटाशी नव्हती, काहीच नव्हतं. त्यानं हात खिशात घातले, बाहेर काढले.

"बंद आहे," तो म्हणाला. "फार दिवस झाले. सांगितलं असतं, तर तू कपडे घेऊन गेली असतीस."

"कपडेच ना?"

"कपड्यांमागून तू."

बोळातून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. योवाना हलली नाही. हा माणूस शब्द जुळवतो आहे, हे तिला दिसत होतं. या वेळी त्याला घाई करायची नाही, हेही तिनं ठरवलं होतं.

"त्या दिवशी तू विचारलंस, माझं सांगायचं काय आहे," तो म्हणाला. "तू गेल्यावर मी इथं बसून ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. गिटारीही नव्हत्या ऐकायला. मी कोन्सेप्सिओनच्या बसचं तिकीट काढायला निघालो होतो आज. हे बघ, बूट घातलेत." त्यानं खरोखरच पाय पुढे केला. "मला तू आवडतेस, योवाना. तू आलीस की संध्याकाळ होते. नाही आलीस तर नुसताच अंधार पडतो. एवढंच आहे. बाकीचं काही माझं नाही."

योवानानं त्याच्या बुटांकडे पाहिलं. नाड्या उलटसुलट बांधलेल्या होत्या. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"आईनं तुझ्या कानात काय सांगितलं होतं?"

"म्हणाल्या, पोरा, इस्त्री येते तुला. आता बोलायला शीक."

ती उठली. त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा भुसा तिनं बोटानं झटकला, आणि मग बोट तिथून काढलंच नाही. तो इतका स्तब्ध उभा राहिला, की जणू त्याच्यावर ताजा डिंक लावलाय आणि हललं तर जोड सुटेल. तिनंच त्याचा हात हातात घेतला. खरखरीत, उबदार, कोरडा हात.

बऱ्याच वेळानं त्याला बादली आठवली. टेबलावरून इस्त्री उचलून तो ती लावायला गेला. "दे, पटकन करून टाकतो. कॉलर आधी, माहीत आहे मला…"

योवानानं त्याच्या हातातून इस्त्रीची वायर काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे."